साठीनंतर त्वचेवर किती पैसे घालावेत?

पत्र

डॉक्टर, नमस्कार.

मी ६४ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. कऱ्हाडला राहते. आयुष्यभर थंडीत कोल्ड क्रीम आणि एरवी पावडर, यापलीकडे तोंडाला काही लावलं नाही. परवा भाचीच्या लग्नाचे फोटो आले आणि स्वतःकडे बघून धक्काच बसला. गालांवर काळपट डाग, तोंडाभोवती रेघा, मान तर पार सुरकुतलेली. मध्यंतरी मुलीबरोबर पुण्याच्या एका मॉलमध्ये गेले होते. तिथल्या काउंटरवरच्या मुलीने गालाला मशीन लावून सांगितलं, "मॅडम, तुमच्या स्किनचं वय ७३ आहे." मग पाच वस्तूंचा संच दाखवला: सीरम, दिवसाचं क्रीम, रात्रीचं क्रीम, डोळ्यांचं आणि मानेचं. किंमत १८,४०० रुपये, तीन महिने पुरेल म्हणाली. मी व्हिटॅमिन सीचं सीरम तेवढं ४,९०० ला घेतलं. बिल कपाटात साड्यांखाली ठेवलंय, ह्यांना सांगितलेलं नाही. ह्यांचं म्हणणं, "या वयात कसली थेरं?" मुलगी म्हणते, "पेन्शन तुझी आहे, घे सगळं." बाकीच्या चार वस्तू घेऊ का? खरंच फरक पडतो का?

ता. क. डाव्या नाकपुडीशेजारी काळसर, चकचकीत, मण्याएवढा फोड आहे. पाच-सहा महिने झाले. खपली धरते, पडते, तोंड धुताना कधी थोडं रक्त येतं. सीरम त्यावर लावलं तर चालेल ना?

उत्तर

बाई, नमस्कार.

तुमच्या क्रीमच्या प्रश्नाकडे येतेच, पण आधी ता. क. त्या फोडावर सीरम लावू नका. क्रीम नको, हळद नको, तेलही नको. आणि याच आठवड्यात तो त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. कऱ्हाडात मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, तिथल्या त्वचारोग विभागाच्या ओपीडीत गेलात तरी चालेल. चेहऱ्यावर, त्यातही नाकाच्या आसपास, महिनोन्‌महिने बरा न होणारा, खपली धरणारा आणि पुन्हा रक्त येणारा चकचकीत फोड असेल तर बेसल सेल कार्सिनोमा नावाच्या त्वचेच्या कर्करोगाची शंका आम्हाला आधी काढून टाकावी लागते. आपल्या रंगाच्या लोकांत तो कमी आढळतो, पण आढळतो, आणि आपल्यात तो बऱ्याचदा काळसरच दिसतो. त्यामुळे "तीळ असेल, मस असेल" म्हणून घरात वर्ष-दोन वर्षं निघून जातात. कर्करोग हा शब्द वाचून रात्रीची झोप घालवू नका. तो फार सावकाश वाढतो, शरीरात दुसरीकडे पसरणं अतिशय दुर्मीळ, आणि लहान असताना काढला की बहुतेक वेळा काम तिथेच संपतं. तुमचा फोड दुसराच काही निरुपद्रवी प्रकारही असू शकतो. पण ते डोळ्यांनी बघून आणि गरज पडली तर छोटा तुकडा तपासून ठरवायचं असतं, पत्रावरून नाही. काउंटरवरच्या त्या मुलीने तुमच्या गालाला मशीन लावलं तेव्हा हा फोड तिच्या बोटभर अंतरावर होता. तिला तो ओळखता आला नाही यात तिचा दोष नाही, तिला ते शिकवलेलंच नसतं. पण त्वचेवर पैसे खर्च करायचे ठरवताना पहिले पैसे कुठे जावेत हे मला एवढ्यासाठीच सांगायचं आहे.

आता क्रीमचं.

खिडकीपाशी उजेडात बसा. ब्लाउजची बाही वर सरकवा आणि दंडाची आतली, काखेजवळची बाजू बघा. मग त्याच्याच शेजारी दुसऱ्या हाताचा पंजा पालथा धरा. दंडाच्या आतली कातडी थोडी सैल झाली असेल, बारीक चुण्या दिसतील, पण रंग एकसारखा असेल, डाग जवळजवळ नसतील. पंजाच्या पाठीवर मात्र तपकिरी ठिपके, कोरडेपणा, चिमटीत धरली तर उशिरा जागेवर बसणारी कातडी. दोन्ही हात ६४ वर्षांचेच आहेत. दोन्हींना एकच साबण लागला, एकच पाणी लागलं, एकीलाही कधी महागडं सीरम लागलं नाही. फरक एवढाच की पालथ्या पंजाने तुमची सगळी नोकरी उन्हात काढली आणि दंडाने बाहीच्या आत. ओपीडीत साठी-सत्तरीच्या बायकांना मी हे करून दाखवते तेव्हा बहुतेक जणी बराच वेळ नुसत्या स्वतःच्या हाताकडे बघत राहतात. चेहऱ्यावरच्या ज्या खुणांना आपण वय म्हणतो, त्यांतल्या कितीतरी उन्हाच्या आहेत.

अमेरिकेत माल पोचवणारा ट्रक २८ वर्षं चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. तिकडे चालक डावीकडे बसतो. त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या, खिडकीकडच्या अर्ध्या भागावर जाड, खोल घड्या आणि उजवा अर्धा भाग कितीतरी तरुण. काच होती, तरीही. कारण उन्हातल्या अतिनील किरणांपैकी त्वचा भाजून काढणारे यूव्हीबी किरण काच बऱ्यापैकी अडवते, पण खोलवर जाऊन कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, मोडणारे यूव्हीए किरण काचेतून आत येतात. बसने पुण्याला जाताना खिडकीशी बसता ना, तेव्हा हेच चालू असतं.

आणि दुसरा पुरावा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोर या गावी ५५ वर्षांखालच्या ९०३ स्त्री-पुरुषांवर साडेचार वर्षं एक प्रयोग झाला, निष्कर्ष २०१३ साली छापले गेले. एका गटाला रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे, वाटेल तेव्हा. मोजमाप कसं केलं, तर हाताच्या पाठीचे सिलिकोनचे ठसे घेऊन. रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण २४ टक्क्यांनी कमी निघालं. सनस्क्रीन कुठलं होतं? साधं, एसपीएफ १५ चं (एसपीएफ म्हणजे यूव्हीबीपासून किती संरक्षण मिळतं ते सांगणारा डब्यावरचा आकडा). त्याच प्रयोगात काहींना बीटा-कॅरोटीनच्या, म्हणजे गाजरातल्या रंगद्रव्याच्या, गोळ्याही दिल्या होत्या, त्यांनी त्वचेच्या म्हातारपणात काही फरक पडला नाही.

तुमच्या १८,४०० च्या संचात सनस्क्रीन नाही. पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. दिवसाच्या क्रीममध्ये थोडं एसपीएफ असेलही, पण ती डबी असते ५० मिलीची आणि किंमत अशी की आपण मुगाच्या दाण्याएवढं घेऊन चेहरा-मान भागवतो. सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ ओढायची, तेवढं. त्याहून कमी लावलं की डब्यावरचा आकडा चेहऱ्यावर उतरत नाही.

महाग क्रीमबद्दल माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. त्यात वाईट काही असतं असं नाही, पण ते आपण पुरवून पुरवून वापरतो. उतारवयातल्या त्वचेला तर भरपूर आणि रोज लागतं. एकदा एक आजी मखमली पिशवीतून क्रीमची डबी घेऊन आल्या होत्या. परदेशातल्या मुलीने पाठवलेली, झाकण सोनेरी. उघडून पाहिलं तर अर्ध्याहून जास्त तशीच, कडेला पिवळट थर धरलेला आणि वास जुन्या तेलासारखा. "लग्नकार्याला लावते, रोज कशी परवडेल?" म्हणाल्या. आल्या होत्या मात्र दुसऱ्याच तक्रारीसाठी: रात्रभर पायांना खाज. साडी जरा वर घेतली तर दोन्ही नडग्यांवर कातडीला दुष्काळातल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा, त्यांत लालसर रेषा आणि नखांनी ओरबाडलेले ओरखडे. त्यांना चांगलं मॉइश्चरायझर वाटीभर लागत होतं आणि घरात होती ती अंगठ्याएवढी डबी, तीही तोंडासाठी राखलेली.

चेहरा म्हणजे आपल्या सगळ्या त्वचेचा जेमतेम पाच टक्के भाग. साठीनंतर त्वचेचा खरा त्रास उरलेल्या भागाला होतो. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, तेलग्रंथी मंदावतात, कातडीच्या वरच्या थरातली पाणी धरून ठेवणारी स्निग्धद्रव्यं कमी होतात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांतच त्वचेतलं जवळपास ३० टक्के कोलॅजन जातं असा अंदाज आहे. म्हणून पूर्वी चालणारा साबण आता चालत नाही, आणि बंबाचं कढत पाणी, ज्याने अंग शेकल्यासारखं बरं वाटतं, तेच असलेलं तेल धुऊन नेतं. त्वचा स्वभावाने किंचित आम्लधर्मी, साधारण पीएच ५ च्या आसपास. आपला नेहमीचा अंगाचा साबण ९-१० चा. तुम्ही रोज सगळ्या अंगाला साबण लावत असाल तर तो काखा, जांघा आणि पावलांपुरता ठेवा, बाकी अंगाला कोमट पाणी पुरे. वजरीने टाचा घासणं ठीक, पण हाता-पायांना आणि तोंडाला घासणी नको. टॉवेलने टिपा, रगडू नका, आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावा. ग्लिसरीन असलेलं, सेरामाइड असलेलं, फार कोरड्या नडग्यांना युरिया असलेलं. वास नसलेलं घ्या, कारण या वयात सुगंधी द्रव्यांनी खाज सुटायचं प्रमाण बरंच असतं. आपलं खोबरेल तेलही उत्तम काम करतं. फक्त एक बघा, अंघोळीच्या आधी तेल चोपडून न्हाणीत जाऊ नका. तेलकट पाय आणि ओली फरशी यांनी मोडलेली खुब्याची हाडं कुठल्याही सुरकुतीपेक्षा महागात पडतात. टाचांना रात्री पेट्रोलियम जेली लावून वर सुती मोजे घाला. त्वचेतून उडून जाणारं पाणी अडवण्यात त्या स्वस्त जेलीची बरोबरी करणारं क्रीम मला तरी माहीत नाही.

खाज किंवा कोरडेपणा सगळं करूनही हटत नसेल तर थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि किडनीची तपासणी करून घ्यावी. मानेच्या मागे मखमलीसारखा काळा पट्टा दिसत असेल तर साखर आधी तपासावी. तो घासून जात नाही.

आता त्या पाच वस्तूंमध्ये नेमकं काय असतं? डबी उलटी करून बारीक अक्षरांतली यादी वाचा. ज्या घटकाचं प्रमाण जास्त, तो आधी, असा क्रम असतो. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कुठल्याही क्रमाने लिहायला परवानगी आहे. बहुतेक डब्यांत पहिलं पाणी, मग ग्लिसरीन, मग सिलिकोन किंवा एखादं मेण, तेल. चारशे रुपयांच्या बाटलीतही हेच आणि सहा हजारांच्या डबीतही बहुतेक हेच. फरक यादीच्या शेपटीला असतो: सोन्याचा अर्क, माशाची अंडी, कुठल्याशा फळाच्या पेशी, कोलॅजन. कोलॅजनचा रेणू अवाढव्य, वजन सुमारे तीन लाख डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक). साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू धडधाकट कातडीतून आत जात नाही हा आमच्या शाखेतला सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणजे क्रीममधलं कोलॅजन कातडीवर बसतं, ओलावा धरतं, आणि संध्याकाळी तोंड धुताना निघून जातं. पिण्याच्या कोलॅजनचं तर पोटात पचन होतं, त्याचे फायदे दाखवणारे बरेच अभ्यास ते विकणाऱ्यांच्याच पैशातून झालेले आहेत. मी कुणाला ते घ्यायला सांगत नाही.

औषध बाजारात आणण्याआधी ते काम करतं हे सिद्ध करावं लागतं. सौंदर्यप्रसाधनाला तसं करावं लागत नाही. आपल्याकडे १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार प्रसाधन म्हणजे शरीर स्वच्छ करणारी, सुंदर करणारी, रूप बदलणारी वस्तू. सुरकुती खरोखर किती मिलिमीटरने कमी झाली याचा हिशेब विक्रीआधी कुणी मागत नाही. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २००७ च्या सुमारास सुरकुत्यांवरची क्रीमं माणसांवर वापरून तपासली होती. १२ आठवड्यांनंतर सगळ्यात चांगल्या निघालेल्या क्रीमनेही सुरकुतीची खोली सरासरी दहा टक्क्यांहून कमीच घटवली होती, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम कळावी एवढी. किंमत आणि परिणाम यांचा मेळ कुठेच नव्हता. सगळ्यात महाग वस्तू सगळ्यात कमी परिणामकारक वस्तूंत मोडत होती.

डोळ्यांच्या क्रीमबद्दल वेगळं सांगते, कारण त्याची किंमत मिलीमागे सगळ्यात जास्त असते आणि उपयोग सगळ्यात कमी. डोळ्यांखालच्या पिशव्या म्हणजे आतली चरबी पुढे सरकलेली असते, तिला धरून ठेवणारे पडदे सैल झालेले असतात. वरून काही लावून ती मागे जात नाही. काळी वर्तुळं असतील तर ती कधी रंगद्रव्याची, कधी खड्ड्याची सावली, कधी पातळ कातडीतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांची. चेहऱ्याचं साधं मॉइश्चरायझर डोळ्यांच्या कडेपर्यंत हलक्या हाताने लावलं की झालं. मानेचं क्रीम म्हणून वेगळी डबी तर मला आजवर कुणाला लिहून द्यावीशी वाटली नाही. चेहऱ्याला जे लावाल तेच खाली गळ्यापर्यंत न्या.

मशीनने सांगितलेलं ७३ मनातून काढून टाका. त्वचेचं वय मोजायचं जगात मान्य झालेलं एकक नाही. प्रत्येक कंपनीचं यंत्र आपापल्या हिशेबाने आकडा देतं. कोरड्या कातडीवर रेघा जास्त उठून दिसतात आणि तुम्ही कऱ्हाडहून प्रवास करून एसीत उभ्या होतात. त्या आकड्याने तुम्हाला जे वाटलं ते खोटं नाही, आकडा मात्र निरर्थक आहे. ज्या दुकानात मोजमाप करणारा आणि माल विकणारा एकच, तिथलं मोजमाप मानू नये.

मग सुरकुत्यांवर उपाय नाहीच का? एक आहे, आणि तो काउंटरवर मिळत नाही. ट्रेटिनॉइन. व्हिटॅमिन ए पासून बनलेलं हे औषध आधी मुरुमांसाठी आलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचातज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी ते मुरुमांवर आणलं, आणि ते लावणाऱ्या मोठ्या वयाच्या बायका सांगायला लागल्या की आमच्या रेघाही फिकट झाल्या. मग त्यावर रीतसर प्रयोग झाले आणि १९९५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने उन्हाने आलेल्या बारीक सुरकुत्या आणि डागांसाठी त्याला मान्यता दिली. कातडीत नवं कोलॅजन बनायला ते खरोखर मदत करतं. आपल्याकडे ०.०२५ टक्क्यांची २० ग्रॅमची ट्यूब साधारण दोन-तीनशे रुपयांत येते, तीन महिने सहज जाते, कारण रात्री वाटाण्याएवढंच लागतं. पण हे औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्या. सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच, मॉइश्चरायझरच्या वर. साल निघते, तोंड चरचरतं, पहिला महिना दीड महिना "उगाच लावलं" असं वाटतं. फरक दिसायला तीन ते सहा महिने जातात. तुमची कातडी फार कोरडी असेल तर कदाचित डॉक्टर त्याऐवजी सौम्य रेटिनॉल देतील. फोडाचा निकाल लागेपर्यंत मात्र हे सुरू करू नका. आणि ही ट्यूब मुलीला देऊ नका. गरोदरपणात किंवा त्या बेतात असताना ती चालत नाही.

आपल्या कातडीत रंगद्रव्य जास्त, त्यामुळे गोऱ्या लोकांपेक्षा सुरकुत्या उशिरा पडतात आणि डाग लवकर. तुम्हालाही फोटोत आधी डागच दिसले. डागांवर पहिला उपाय पुन्हा सनस्क्रीन, शक्यतो किंचित रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेलं, कारण काही डाग साध्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात. एसपीएफ ३० पुरेसं आहे. ते यूव्हीबीचे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० चं ९८. शंभराच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही, यूव्हीएपासूनचं संरक्षण सांगणाऱ्या 'पीए' या अक्षरांसमोर तीन किंवा चार अधिक चिन्हं आहेत का ते मात्र बघा. हाडांना ऊन हवं ही काळजी असेल तर व्हिटॅमिन डी तपासून गोळी घ्या, त्यासाठी चेहरा उन्हात धरू नका.

स्वस्त घ्या म्हणते म्हणजे कुठलंही घ्या असं नाही. लेबल नसलेली, कंपनीचा पत्ता नसलेली, "महिन्यात उजळ" करणारी डबी फुकट मिळाली तरी घेऊ नका. अशा क्रीममध्ये पारा निघतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात अशी क्रीमं वापरणाऱ्यांच्या किडन्या बिघडल्याचं २०२३ साली उघड झालं, आपल्या अकोल्यातही एका घरातल्या तिघींच्या बाबतीत तसंच घडल्याच्या बातम्या आल्या होत्या. दुसरा धोका मेडिकलमधून सहज मागून आणलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबचा. पहिले पंधरा दिवस तोंड खुलतं, मग कातडी पातळ होते, लाल होते, शिरा दिसायला लागतात. तुमच्या वयात ती मुळात पातळ झालेली असते. २०१८ मध्ये सरकारने अशा कितीतरी स्टेरॉइड मलमांना चिठ्ठी सक्तीची केली, तरी ती काउंटरवरून दिली जातातच. शेजारणीने सांगितलं म्हणून आणू नका. लिंबू आणि खायचा सोडाही तोंडाला नको.

पैशांचा हिशेब मांडू. तो संच तीन महिन्यांचा, म्हणजे वर्षाला ७३,६०० रुपये. माझ्या सांगण्याप्रमाणे केलंत तर सनस्क्रीनच्या ५० ग्रॅमच्या आठ-नऊ ट्यूब, पाचशेच्या धरल्या तरी साडेचार हजार. अंगाला आणि तोंडाला चालेल अशा मॉइश्चरायझरच्या चार-पाच मोठ्या बाटल्या, अडीच हजार. डॉक्टरांनी दिलं तर ट्रेटिनॉइन, हजार-बाराशे. वर्षाचे आठ-सव्वाआठ हजार, आणि त्यात डोक्यापासून टाचेपर्यंत सगळं भागतं. एखाद्या वर्षी १०-१५ हजार जास्त खर्च करावेसे वाटले तर ते मान आणि गालांवरचे मस काढून घ्यायला किंवा डागांवर त्वचातज्ज्ञाकडून इलाज करून घ्यायला खर्च करा. तिथे फरक दिसतो.

तेव्हा बाकीच्या चार वस्तू घेऊ नका. घेतलेलं सीरम फेकू नका, ते वाईट नाही. सकाळी तोंड धुतल्यावर चार-पाच थेंब, फोड सोडून, आणि वर सनस्क्रीन. चरचरलं तर बंद. बाटली अंधारात, गार जागी ठेवा. हवा लागून ते नारिंगी-तपकिरी झालं की त्याचा उपयोग संपला, म्हणून जपून ठेवण्यापेक्षा तीन महिन्यांत वापरून टाका. संपल्यावर दुसरं आणायलाच हवं असं नाही.

हे सगळं सांगितल्यावरही मुलगी म्हणते त्यात एक गोष्ट खरी आहे, पेन्शन तुमची आहे. एखाद्या क्रीमचा मऊपणा तुम्हाला आवडतो, रात्री आरशासमोर पाच मिनिटं स्वतःसाठी मिळतात, तर त्या सुखासाठी वर्षातून एकदा एखादी महाग वस्तू जरूर घ्या. चांगल्या साडीला आपण किंमत देतोच. सुरकुती पुसली जाईल या आशेवर मात्र पुढचा हप्ता भरू नका.

आणि "या वयात कसली थेरं" हे वाक्य मला मान्य नाही. साठीच्या बाईने स्वतःकडे बघूच नये असं आपल्याकडे फार सहज बोललं जातं आणि बायका ते गुपचूप ऐकून बिलं साड्यांखाली ठेवतात. इतकी वर्षं वर्गातल्या पोरांची नखं, केस, कपडे तुम्ही तपासलेत. आता फोटोत आपण बऱ्या दिसाव्यात असं वाटलं तर त्यात लपवण्यासारखं काय आहे? चेहऱ्यावर डाग आले म्हणून लग्नाच्या फोटोत मागे उभ्या राहणाऱ्या, नातवंडाने फोन समोर धरला की पदर तोंडावर ओढणाऱ्या कितीतरी बायका मी बघते, आणि मला वाईट वाटतं. ह्यांना बिल दाखवा. किंमत ऐकून ते वैतागतील, चार दिवस ऐकवतील, पण चार हजार नऊशे तुमच्याच पेन्शनचे गेलेत.

त्याच बैठकीत त्यांचं टक्कल आणि कानांच्या पाळ्याही उजेडात बघून घ्या. उन्हातून स्कूटरवर, शेतावर, देवळात उघड्या डोक्याने फिरलेल्या साठीच्या पुरुषांच्या टाळूवर आणि कानांवर खरखरीत, न जाणारे चट्टे आम्हाला नेहमी दिसतात, आणि त्यांतले काही पुढे त्रास देतात. तसं काही हाताला लागलं तर ओपीडीत त्यांनाही सोबत न्या. नसलं तरी टोपी आणि सनस्क्रीन त्यांनाही लागू आहे. फक्त एका ट्यूबमध्ये दोघांचं महिनाभरही भागणार नाही, दोन आणा.